"तसा तर नॉर्मलच दिसतो की!"

(सुरुवातीचं संगीत)

कुणी गाडीत ऐकत असाल, कुणी पोळ्या लाटताना, तर कुणी नंतर सवडीने हा मजकूर वाचत असाल. आजचा विषय आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे, पण मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी त्यावर सहसा कुणी बोलत नाही. म्हणून थेट एका प्रसंगापासूनच सुरुवात करते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावचा गणपती. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, दीड-दोनशे माणसं जमलेली. आरती सुरू झाली. झांजा, टाळ, ढोलकी, त्यात माइकची कर्कश शिट्टी. सहा-सात वर्षांचा एक मुलगा, छान रेशमी कुर्ता घातलेला, एकदम किंचाळायला लागला. दोन्ही हात कानांवर घट्ट. आई जवळ घ्यायला गेली तर तिच्या हाताला चावला. पळताना प्रसादाच्या टेबलाला धक्का लागला आणि मोदकांचं ताट खाली आलं. आईने त्याला अक्षरशः उचललं आणि बाहेर नेलं. आरती थांबली नाही, पण सगळ्या माना त्या दाराकडे वळल्या.

माझ्या मांडीवर तेव्हा वर्षाचं बाळ होतं. मी शेजारणीला म्हणाले, "सारखा आयपॅड हातात दिला की असंच होणार. आपल्या वेळी दोन धपाटे मिळाले असते."

त्या आईने ते ऐकलं का, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी ते कुटुंब गणपतीला आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

माझ्या मांडीवरचं ते बाळ आता बारा वर्षांचं आहे. सात वर्षांचा असताना त्याचं निदान झालं: ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्ही. म्हणजे आपल्याकडे ज्याला स्वमग्नता म्हणतात ते, आणि ज्याला अतिचंचलता म्हणतात ते. आणि त्यानंतर कितीतरी वेळा हॉलच्या दारातून मूल उचलून बाहेर नेणारी आई मी होते.

आज मी डॉक्टर म्हणून बोलत नाही, डॉक्टर मी नाहीच. एक आई म्हणून, आणि एकेकाळी चुकीचं बोललेली बाई म्हणून, जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

(संगीताचा छोटा तुकडा)

आधी "न दिसणारं" म्हणजे काय ते पाहू.

मुलाचा हात मोडला तर प्लास्टर दिसतं. बसमध्ये लोक उठून जागा देतात. पण ज्या मुलाच्या मेंदूची घडणच थोडी वेगळी आहे, त्याच्या अंगावर काहीही लिहिलेलं नसतं. ते चारचौघांसारखं दिसतं, कधी कधी तर चारचौघांपेक्षा हुशार बोलतं. त्यामुळे त्याचं वागणं अडखळलं की बघणाऱ्याला दोनच कारणं सुचतात: एक तर मूल वाईट आहे, नाहीतर आईबापांनी लाडावून ठेवलं आहे.

यात ऑटिझम येतो, एडीएचडी येतं, डिस्लेक्सिया येतो, हालचालींचा मेळ बसायला अडचण येते तो डिस्प्रॅक्सिया येतो, टुरेट सिंड्रोम येतो. बऱ्याच मुलांमध्ये यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. एडीएचडी साधारण ५ टक्के मुलांमध्ये असतं, ऑटिझम शंभरात एकापेक्षा जास्त जणांमध्ये. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात असं एखाद-दुसरं मूल असणारच. आणि दोनशे माणसांच्या गणपतीत तर नक्कीच असणार, लहान किंवा मोठं.

आता त्या मुलाच्या आत काय चाललेलं असतं ते समजून घेऊ, कारण पालकांच्या मनातलं वादळ तिथूनच सुरू होतं.

शाळेत जाणारं असं एक मूल घ्या. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल त्याला दिवसभर टोचत असतं. वर्गातली ट्यूबलाइट गुणगुणते, ती आपल्याला ऐकू येत नाही, त्याला येते. जेवणाच्या हॉलमधला वास आणि गोंगाट त्याच्या अंगावर येतो. पाय हलवायचे नाहीत, मध्ये बोलायचं नाही, बाईंच्या डोळ्यांत बघायचं, मित्र गमतीने बोलला की रागाने ते ओळखायचं. आपण हे सगळं न ठरवता करतो. त्याला प्रत्येक गोष्ट ठरवून, ताकद लावून करावी लागते. इतरांसारखं दिसण्यासाठी जे हे सततचं नाटक, त्याला इथे मास्किंग म्हणतात. मुली यात अनेकदा फार तरबेज असतात, म्हणून त्यांचं निदान पुष्कळदा उशिरा होतं.

साडेतीनला शाळा सुटते. बाई हसून सांगतात, "आज खूप छान दिवस गेला." आणि घराचं दार उघडल्यावर, बूट काढताना, मोज्याची शिवण बोटाला लागते. बस्स. रडणं, किंचाळणं, दप्तर भिरकावणं, एखाद वेळी आईला मारणंही.

म्हणून बहुतेक पालकांनी हे वाक्य ऐकलेलं असतं: "शाळेत तर अगदी शहाण्यासारखा असतो हो!" बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण आईला त्यात ऐकू येतं, की खोट तुमच्या घरात आहे. खरं कारण बरोबर उलटं असतं. दिवसभर कुकरची वाफ त्याने दाबून धरलेली असते. शिट्टी कुठे होऊ द्यायची? जिथे आपल्याला कुणी टाकणार नाही अशी खात्री आहे, तिथे. म्हणजे घरी. ती सहन करणं सोपं नाही, पण ती आईबापांच्या हरण्याची खूण नव्हे.

इथे एक फरक लक्षात ठेवा, फार उपयोगी पडतो. हट्ट आणि मेल्टडाउन यांतला फरक. हट्टाला काहीतरी हवं असतं. चॉकलेट हवं असतं, अजून दहा मिनिटं टीव्ही हवा असतो. हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे बघतं, परिणाम होतोय का ते तपासतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मुलाला काही मिळवायचं नसतं. त्याचा स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो. तुम्ही चॉकलेट दिलंत तरी ते थांबणार नाही. त्या वेळी समजावणं, ओरडणं, "एक ते तीन मोजते" म्हणणं, सगळं वाया जातं, कारण ते ऐकण्याच्या स्थितीतच नसतं. उपयोग कशाचा होतो? शब्द कमी, आवाज कमी, उजेड कमी, माणसं कमी. कुणाला लागणार नाही एवढी काळजी घ्यायची आणि थांबायचं. शिकवायचं ते नंतर, दुसऱ्या दिवशी. प्रत्येक वेळी ही दोन्ही इतकी स्वच्छ वेगळी दिसतात असं नाही. कधी हट्टाने सुरुवात होते आणि मेल्टडाउनमध्ये शेवट. पण निम्म्या वेळा जरी फरक ओळखता आला तरी घरातलं युद्ध निम्मं होतं.

(संगीताचा छोटा तुकडा)

आता पालकांकडे येऊ. कारण मुलाबद्दल पुस्तकं पुष्कळ आहेत, पण रात्री मूल झोपल्यावर स्वयंपाकघरात भांडी घासत उभ्या असलेल्या आईबापाचं काय, हे फार कमी विचारलं जातं.

पहिली येते ती शंका, स्वतःबद्दलची. "मी फार कडक आहे का? की फार मऊ? गरोदरपणात काही चुकलं का? दोन वर्षांचा असताना पाळणाघरात ठेवलं म्हणून?" या शंकेला इतिहास आहे, तो जरा सांगते.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने डॉक्टरांसमोर व्याख्यानं दिली. हुशार असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचं वर्णन त्यात होतं. आज त्यातली काही एडीएचडीची म्हणून ओळखली जातील. पण स्टिल यांनी या दोषाला नाव दिलं ते नैतिक संयमाच्या अभावाचं. म्हणजे पहिल्यापासूनच गोष्ट नीती-अनीतीकडे गेली.

पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा अभ्यास मांडला आणि ऑटिझम हा शब्द त्या अर्थाने रूढ झाला. ही मुलं जन्मतःच अशी असावीत असं त्यांनी लिहिलं, पण आईवडिलांच्या थंडपणाबद्दलही लिहिलं. तो दुसरा धागा लोकांनी उचलला. "फ्रिजसारख्या थंड आया" असा शब्दप्रयोगच रुळला. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने तर आईच्या अंगावरच खापर फोडलं. कितीतरी बायकांनी आयुष्यभर तो डाग वाहिला.

तो पुसला कुणी? बऱ्याच अंशी पालकांनीच. अमेरिकेत बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून ऑटिझमचं कारण शारीरिक आहे असं मांडलं. इथे लंडनमध्ये डॉ. लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ, ऑटिस्टिक मुलीची आई. १९६२ मध्ये काही पालकांनी मिळून जी संस्था उभारली, जिला आज आपण नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी म्हणून ओळखतो, तिच्या संस्थापकांमध्ये त्या होत्या. आज जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून स्पष्ट दिसतं, की ऑटिझम आणि एडीएचडी दोन्हींमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. संस्कार कमी पडले म्हणून हे होत नाही.

आणि लसीबद्दलही सांगते, कारण अजून विचारणारे भेटतात. एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा लेख १९९८ मध्ये इथल्याच लॅन्सेट या नियतकालिकात आला होता. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी मुख्य लेखकाचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध सापडलेला नाही. तुम्ही मुलाला लस दिलीत, योग्यच केलंत.

शंकेनंतर येतो एकटेपणा. वाढदिवसाची आमंत्रणं कमी होतात. सुरुवातीला आपणच जात नाही, नंतर कुणी बोलवत नाही. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इलेव्हन-प्लसचे निकाल येतात, कुणाची मुलगी ग्रामर स्कूलला लागली, कुणाचं अरंगेत्रम झालं. आपण अंगठा दाखवतो, फुलांचा गुच्छ पाठवतो, आणि फोन उलटा ठेवतो. मत्सर वाटतो. हो, वाटतो. आपल्या मुलाने आज पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय दात घासले, हे त्या ग्रुपवर कुठे लिहायचं?

राग येतो. ज्या मुलासाठी आपण सगळं केलं त्याचाच राग येतो, आणि मग त्या रागाची लाज वाटते. मी स्वतः बाथरूमचं दार लावून, नळ सोडून रडले आहे. तुम्हीही रडला असाल, तर तुम्ही वाईट आई किंवा वाईट बाप नाही. दमलेले आहात.

आणि दुःख. हे सांगायला अवघड आहे. मूल समोर आहे, धडधाकट आहे, आपलं त्याच्यावर जिवापाड प्रेम आहे, मग दुःख कशाचं? पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना एक कल्पना मांडली. जिथे काय हरवलं ते नीट सांगताच येत नाही, ज्याचं सुतक नसतं, ज्यासाठी कुणी भेटायला येत नाही, अशी हानी. आपलं दुःख बरंचसं त्या जातीचं असतं. हरवलेलं असतं ते आपण मनात रंगवलेलं मूल.

पण इथेच दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी १९९३ मध्ये पालकांना उद्देशून लिहिलं होतं. त्याचा मथितार्थ असा, की तुम्हाला दुःख होणं समजू शकतं, पण ते आमच्या असण्याचं करू नका. तुमच्या कल्पनेतलं मूल आलं नाही. जे आलं ते तुमच्यासमोर आहे आणि त्याला तुम्ही हवे आहात. हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा टोचलं होतं. आता पटतं. दुःख करायला जागा हवी, ती नवऱ्याजवळ, मैत्रिणीजवळ, समुपदेशकाजवळ शोधावी. मुलाच्या कानांवर ते पडू देऊ नये. ती मुलं बोलत नसली तरी ऐकत असतात.

शेवटी एक भावना अशी येते जिची कुणी कल्पनाही केलेली नसते: सुटका. आपल्या भाषेत निदान या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक डॉक्टरांचं निदान आणि दुसरं "निदान एवढं तरी". माझ्या हातात तो अहवाल आला तेव्हा मला दोन्ही अर्थ एकदम कळले. निदान याला नाव आहे. निदान माझं मूल आळशी नाही, उद्धट नाही. निदान आता मदत मागता येईल.

(संगीताचा छोटा तुकडा)

आपल्या मराठी घरांत या सगळ्यावर आणखी एक थर असतो, तो म्हणजे आपली माणसं. प्रेमाची माणसं. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबा. "अगं, नमस्कार कर म्हणावं आजोबांना. बघत का नाही तो इकडे?" मूल पळून जातं. पलीकडून सल्ला येतो, "दृष्ट काढ गं त्याची." नाहीतर, "काही झालेलं नाही त्याला. त्याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आज बघ कुठे आहे!"

गंमत अशी, की या शेवटच्या वाक्यात अनेकदा खरी माहिती दडलेली असते. मी मघाशी आनुवंशिकतेबद्दल बोलले. मुलाच्या निदानासाठी प्रश्नावली भरता भरता "अरे, हे तर माझंच वर्णन आहे" असं म्हणणारे बाबा आणि आया पुष्कळ असतात. त्यातल्या काहींचं पुढे स्वतःचं निदान होतं. म्हणून जोडीदार निदान मान्य करत नसेल, तर तो दरवेळी हटवादीपणाच असतो असं नाही. "याला काही झालंय" हे मान्य करणं म्हणजे "मलाही लहानपणी विनाकारण मार बसला" हे मान्य करणं असू शकतं. त्याला वेळ लागतो.

आजी-आजोबांना समजावताना मोठे शब्द चालत नाहीत. मी सासूबाईंना एवढंच सांगितलं, "आई, त्याचे कान आपल्यापेक्षा तिखट आहेत. आपल्याला जे साधं वाटतं ते त्याला लाउडस्पीकरसारखं लागतं." तेव्हापासून त्या आल्या की मिक्सर लावण्याआधी त्याला हाक मारून सांगतात. निदानाचं नाव त्यांना अजूनही नीट घेता येत नाही. नाही आलं तर काय बिघडलं?

भाषेचं एक सांगते, कारण यात अनेक घरांची मराठी गेली. मूल उशिरा बोलायला लागलं की कुणीतरी सुचवतं, घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळतंय. आम्हीही वर्षभर तसं केलं. त्या वर्षात माझ्या सासूबाई नातवाशी जवळजवळ बोलूच शकल्या नाहीत, आणि मी माझ्या मुलाला झोपवताना अवघडलेल्या इंग्रजीत बोलत होते. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. तुमचं मूल वेगळं आहे म्हणून त्याच्याकडून आजीची भाषा काढून घेऊ नका. तुम्ही ज्या भाषेत लाड करता, तीच त्याच्याशी बोला.

आणि घरात दुसरं मूल असेल, तर त्याच्याकडे बघा. "तू शहाणी आहेस ना, तू समजून घे," हे वाक्य त्या बहिणीने हजार वेळा ऐकलेलं असतं. आठवड्यातला एक तास फक्त तिचा ठेवा.

(संगीताचा छोटा तुकडा)

आता थोडं कामाचं बोलू. हे नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये पद्धत वेगळी आहे.

शंका असेल तर दोन दारं एकदम ठोठवा: तुमचा जीपी आणि शाळेतल्या सेन्को. सेन्को म्हणजे विशेष गरजांच्या मुलांचं काम बघणाऱ्या शिक्षिका, प्रत्येक सरकारी शाळेत त्या असतात. तपासणीसाठी रांग लांब असते, महिने जातात, कधी वर्षंही. पण शाळेने मदत सुरू करायला निदानाच्या कागदाची वाट बघायची गरज नाही. मदत गरजेवर ठरते, नावावर नाही. दरम्यान वही ठेवा. काय झालं, कधी, त्याआधी काय झालं होतं. पुढे ही वहीच तुमची साक्षीदार.

शाळेची नेहमीची मदत पुरत नसेल तर कौन्सिलकडे ईएचसी प्लॅनसाठी तपासणी मागता येते. २०१४च्या कायद्याने हा हक्क दिला आहे, आणि अर्ज पालक स्वतः करू शकतात. कौन्सिलने ६ आठवड्यांत तपासणी करायची की नाही ते कळवायचं असतं, आणि प्लॅन देणार असतील तर तो अर्जापासून २० आठवड्यांत पूर्ण व्हायला हवा. प्रत्यक्षात उशीर होतो. नकार आला तर ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. आपल्या लोकांना सरकारी कार्यालयाशी भांडणं नको वाटतं, "कशाला नजरेत यायचं" असं वाटतं. पण अपील करणं म्हणजे भांडण नाही, तो त्याच कायद्यातला पुढचा टप्पा आहे. प्रत्येक कौन्सिलच्या भागात यासाठी मोफत सल्ला देणारी सेवा असते, तिचं नाव सेन्डिआस. पत्र कसं लिहायचं इथपासून ते मदत करतात.

१६ वर्षांखालच्या मुलांसाठी डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स हा भत्ता आहे. तो उत्पन्नावर अवलंबून नाही. मात्र तुमच्या व्हिसावर सार्वजनिक निधीची मदत घेता येणार नाही असा शेरा असेल, तर हा भत्ता त्या यादीत येतो. तेव्हा आधी सल्ला घ्या, मगच अर्ज करा. पण हे नीट ऐका: शाळेतली मदत आणि ईएचसी प्लॅन त्या यादीत येत नाहीत. व्हिसाच्या भीतीने मुलाची शाळेतली मदत मागायची थांबू नका.

आणि एक छोटीशी गोष्ट. हिरव्या पट्टीवर पिवळी सूर्यफुलं असलेला गळ्यातला पट्टा तुम्ही पाहिला असेल. न दिसणाऱ्या अडचणी असलेल्या प्रवाशांसाठी तो २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झाला. आता इथल्या बऱ्याच विमानतळांवर, सुपरमार्केटांत तो ओळखतात. मुंबईला जाताना सिक्युरिटीच्या रांगेत आम्ही तो घालतो. तो घातला म्हणून रांग चुकतेच असं नाही, पण कर्मचारी आवाज खाली आणून बोलतात. सक्ती कुणावरच नाही. माझा मुलगा आता मोठा होतोय, पुढच्या वेळी घालायचा की नाही ते तो ठरवेल.

तुमचं स्वतःचं मन फार खचलं असेल, तर थांबू नका. समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. १११ लावून २ दाबलं की एनएचएसची मानसिक आरोग्याची तातडीची मदत मिळते. जीपीकडे मुलाला नेता तशी एकदा स्वतःसाठीही वेळ घ्या.

(संगीताचा छोटा तुकडा)

शेवटी ज्यांच्या घरात असं मूल नाही त्यांच्यासाठी, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्यासाठी.

कुणाचं मूल हॉलमध्ये कोलमडलं तर बघत राहू नका. जवळ जाऊन हळू विचारा, "मी काय करू?" आणि उत्तर "काही नको" आलं तर बाजूला व्हा. दार धरून उभं राहणं, बघ्यांना दुसरीकडे नेणं, सांडलेले मोदक उचलणं, यातलं काहीही चालेल. सल्ला नको. "तसा तर नॉर्मलच दिसतो की" असं म्हणू नका. तुम्ही धीर द्यायला म्हणता, पण त्यातून तिला ऐकू येतं की तुमचा विश्वास नाही. त्यापेक्षा "आज दमलेली दिसतेस, चहा आणू?" हे बरं. आणि आमंत्रण देत राहा. दहा वेळा नाही म्हणतील. अकराव्या वेळीही द्या.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. कार्यक्रमाच्या वेळी एक छोटी खोली रिकामी ठेवा, दिवा मंद, दोन उशा. दारावर "शांत खोली" एवढं लिहा. आरती किती वाजता, ढोल किती वाजता, ते आधी कळवा. याला फार खर्च येत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजोबांसाठी आपण खुर्च्या मांडतोच ना? तसंच हे.

आमच्या मंडळाने दोन वर्षांपासून ही खोली सुरू केली आहे. माझा मुलगा हेडफोन लावून आरतीला दारापाशी उभा राहतो, साधारण दुसऱ्या आरतीपर्यंत. मग आत जातो. घालीन लोटांगणला परत येतो, कारण गोल फिरायला त्याला आवडतं. मागच्या वर्षी तो जरा जास्तच फिरला आणि एका काकांच्या पायावर पडला. काका म्हणाले, "असू दे."

त्या पहिल्या आईला मी शोधलं. ते कुटुंब दुसऱ्या गावाला गेलं होतं. ओळखीतून नंबर मिळवला आणि फोन केला. मी काय बोलले होते ते सांगितलं, माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी ऐकलं होतं." आणि मग तिने विचारलं, "तुझा कितवीत आहे?" आम्ही पाऊण तास बोललो. तिचा मुलगा आता अठराचा झाला आहे, रेल्वेचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे, आणि मोदक त्याला अजूनही आवडत नाहीत.

श्रोतेहो, आज ऐकताना तुम्हाला कुणाचा चेहरा आठवला असेल, तर त्यांना एक फोन करा. काय बोलायचं सुचलं नाही तर एवढंच विचारा, "कशी आहेस? तू, मुलगा नाही."

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.

(समारोपाचं संगीत)